द्वारपालाचा हात

नंदकिशोर एका कापूस खरेदी केंद्रावर वीस वर्षं मालाची प्रत ठरवणारा ग्रेडर होता. वरवर पाहून बोलणाऱ्यांवर त्याचं डोकं फिरायचं. तो प्रत्येक गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, आणि तळाशी ओल लागली की गाडी परत.

बोंडअळीनं शेतकऱ्यांचा कापूस बुडवला त्या वर्षी दर रविवारी दुपारी तो यवतमाळच्या घरी पुतणी अनघा आणि तिची मैत्रीण गुंजन यांच्यासोबत फाशांवरचा राक्षस-राजांचा खेळ खेळायचा. गोष्ट अनघा रचायची. एका रविवारी तिच्या गोष्टीत राक्षसराजाच्या द्वारपालानं नंदकिशोर-गुंजनच्या गाडीतल्या कडब्यात मनगटापर्यंत हात घातला आणि गाडी आत सोडली. कडब्याखाली लपवलेल्या तलवारी तळाशीच राहिल्या.

"बावळट आहे तो," गुंजन म्हणाली.

नंदकिशोर भडकला. "बावळट कायले? जल्मभर गाड्या तपासून राह्यला तो! माल तळाशी असते, हे त्याले माहीत नाही काय? मनगटावर थांबला, म्हंजे त्याले गाडी सोडायचीच होती. नोकरी राजाची, पण माणूस आपला!"

अनघा हसली. "काका, तुम्ही थांबले काय कधी मनगटावर?"

नंदकिशोरनं फासे टाकले.

"यंदा रोजच," तो म्हणाला.