कोरडा दिसलेला सांधा

आत्या झडपा तपासायची. कारखान्यात तयार झालेल्या लोखंडी झडपेत दाबाने पाणी भरायचं आणि ती कुठे गळते का ते बघायचं, हे तिचं काम. दाब कमी असला की गळती आपोआप दिसते. सांध्यापाशी घामासारखा थेंब धरतो, फुगतो, ओघळतो. आत्याच्या उजव्या तर्जनीला मात्र थेंब धरण्याआधीच ओल कळायची. सगळे तिला ‘टीपकागद’ म्हणत. तिला ते आवडायचं.

दाब चढला की पाण्याची चाल बदलते. भोक केसाहून बारीक असेल तर थेंब धरतच नाही. पाणी सुईसारखं सरळ निघून जातं, आणि ती सुई डोळ्यांना दिसत नाही. म्हणून चढ्या दाबावर हात लावायचा नाही, पुठ्ठ्याची पट्टी फिरवायची. पट्टी चिरली तर गळती आहे.

त्या सकाळी एका झडपेला थेंब धरला होता. फिटरने बोल्ट आवळले, दाब चढवला. थेंब दिसेनासा झाला.

“बसला की नाही सांधा? आता टीपकागदाला सुट्टी!”

“तुझा शब्द आणि तुझा पाना, दोन्ही ढिले,” आत्या हसली, आणि हसता हसता सांध्यावरून बोट फिरवलं.

टाचणी टोचल्यासारखं झालं. पेरावर लाल ठिपका, रक्त नाही. फिटरचा चेहरा उतरला.

“ताई, दवाखान्यात चला. आत्ताच.”

“एवढ्याशा टोचण्यासाठी? डॉक्टर मला वेड्यात काढेल.”

उरलेल्या झडपा तिने पट्टीने तपासल्या. संध्याकाळी बोट फुगून पांढरंफटक पडलं होतं.

“मुंगी चावली रे,” ती बाबांना म्हणाली.

“घोड्याएवढी मुंगी?”

जेवताना तिच्या हातून घास पडला. बाबा ताटावरून तसेच उठले आणि तिला घेऊन गेले.

डॉक्टरांनी बोट उभं चिरलं. त्या ठिपक्यातून शिरलेलं पाणी, गंज धरू नये म्हणून त्यात मिसळलेल्या तेलासकट, तळव्यापर्यंत पोचलं होतं. वाटेतलं मांस मरत चाललं होतं.

“कधी लागलं?”

“सकाळी.”

बोट मुळापासून काढावं लागलं.

घरी आल्यावर ती बँडेजकडे बघत म्हणाली, “दादा, ते बोट ओलं लागतंय. जरा पुसतोस?”

बाबांनी फडकं घेतलं, आणि ते हातात धरून तसेच बसून राहिले.