पेंटरचं चिलखत

“मी आहे ना पुढे.” पेंटरच्या तोंडी हे कायम. बंद पडलेली गाडी ढकलायची असो, दवाखान्याच्या रांगेत उभं राहायचं असो, नाहीतर संगणकावरच्या खेळातल्या लांबच्या ग्रहावर लोखंडी किड्यांच्या झुंडीत शिरायचं असो. छाती काढून म्हणायचा आणि खरंच पुढे जायचा. खोटं कशाला बोला.

चेपलेल्या गाड्या ठोकून सरळ करणं, पुट्टी भरणं, घासणं, रंगाचे हात मारणं हा त्याचा धंदा. बोटं बारा महिने राखाडी. खेळात ज्याने त्याने आपलं चिलखत आपणच घडवायचं असतं, खांदे, छाती, शिरस्त्राण, रंग. पेंटरने निळा रंग ठरवायला तीन रविवार घालवले. तिथला सूर्य तांबडा, त्याच्या उजेडात कुठला निळा काळपट होईल हे त्याला बरोबर कळायचं. बायकोचं चिलखतही त्यानेच रंगवलं, दुधासारखं पांढरं.

बायको मोठ्या दवाखान्यात अपघात विभागाची सिस्टर. खेळातही तिच्याकडे तेच काम, पडलेल्याला उठवायचं. तिसरा गडी म्हणजे साडू, तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. हा घड्याळजी. बारीक स्क्रूवर वाकून काम करायचं, बोललं की श्वासाने स्क्रू उडतो, म्हणून जन्मभर गप्प राहायची सवय. चिलखत खेळाने दिलं तसंच घातलेलं, ना रंग, ना रेघ. तो आपल्या घरून खेळायचा. हे दोघे पुढच्या खोलीत, पाठीला पाठ लावून.

पडलेल्या गड्याला अर्धं मिनिट मिळायचं. तेवढ्यात कुणी गुडघ्यावर बसून हात दिला तर तो उठे. पेंटर आणि साडू एकदमच पडले, की बायको आधी साडूकडे जायची. प्रत्येक वेळी. पेंटर गळा काढायचा, अगं मेलो मी, इकडे बघ. ती शांतपणे म्हणायची, आले, थांबा. आणि पांढरं चिलखत त्या बिनरंगी चिलखतापाशी टेकलेलं दिसायचं.

पेंटरच्या पोटात तिथून निखारा पडला. साडू चांगला माणूस, हे त्याला ठाऊक होतं. तेच जास्त जाळायचं. एकदा कारखान्यात एका गाडीचं बॉनेट घासता घासता तो विचारात असा बुडाला, की चांगला रंग जाऊन खालचा पत्रा उघडा पडला. हाताखालच्या माणसाने विचारलं, उस्ताद, गाडीशी वैर आहे का? पेंटर त्याच्यावरच डाफरला.

त्या दिवशी जेवताना तो म्हणाला, साडूभाऊंना फार जपतेस हल्ली. तिला हसू आलं.

“अहो, तुम्ही ओरडताय म्हणजे तुमचा श्वास चालू आहे. वॉर्डात चार जण एकदम आले तर मी ओरडणाऱ्याकडे शेवटी जाते. गप्प पडलेल्याकडे आधी.”

दुसरा कुणी असता तर समाधानाने पाणी प्याला असता. पेंटरने त्यातून एवढंच उचललं, की आपणही गप्प पडून बघावं.

रविवारी दुपारी तिघे किड्यांच्या शेवटच्या वारुळापाशी पोचले. दोन महिन्यांची मेहनत. साडू डाव्या बोगद्यात एकटा झुंजत होता. पेंटर उजवीकडे एका खडकाआड गेला, अंगावर ओरखडाही नसताना निळं चिलखत पालथं पाडलं आणि गप्प झाला. पडद्यावर गप्प, आणि खोलीतही गप्प. श्वाससुद्धा रोखून धरला.

“अहो?” ती म्हणाली. मग परत, “अहो?”

खुर्ची करकरली. पांढरं चिलखत होतं तिथेच थांबलं. ती वळली होती, आणि तिची दोन बोटं त्याच्या मनगटावर होती, गार. पेंटरला हसू येत होतं. तिचा चेहरा पाहिला आणि ते विझलं. त्याच वेळी कानातल्या यंत्रातून, तिकडे बोगद्यात पडलेल्या साडूचा आवाज आला, हलका, जरा संकोचलेला: कुणी आहे का? तो कधी बोलायचा नाही. दोघांपैकी कुणाचा हात पडद्याकडे गेला नाही. अर्धं मिनिट सरलं, आणि बिनरंगी चिलखत नाहीसं झालं.

तिने त्याच्या पडद्यावर पाहिलं. शक्ती पूर्ण भरलेली.

“पुन्हा असं गप्प राहू नका,” ती म्हणाली. “खरंच गप्प व्हाल, तेव्हा मला कळायला नको?”

पेंटर ज्यासाठी इतका जळला ते मनगटावर मिळालं होतं, आणि घ्यायला तोंड राहिलं नव्हतं. तो उठला, साडूला खरं काय ते तोंडावर सांगून येतो म्हणाला, पायात चपला सरकवल्या आणि जिना उतरला.

ती खिडकीत आली. साडू कानातल्या यंत्रातून विचारत होता, पेंटरसाहेब बरे आहेत ना? बरे आहेत, तुमच्याकडेच निघालेत, ती म्हणाली. खाली तो मान घालून चालला होता, राखाडी बोटं मागे गुंफून, दुपारच्या रिकाम्या रस्त्याने. सायकलवाल्याच्या दुकानाशी वळेपर्यंत ती बघत राहिली.