अख्खी पडलेली भिंत आणि महालक्ष्मीचा बांध

फाल्गुन वद्य चतुर्थीला सकाळी मी धरमतरच्या धक्क्यावर आगबोटीत चढलो, तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी होती आणि जुन्या धोतरात बांधलेला एक जड तुकडा होता. दोन काळे दगड आणि त्यांना धरून बसलेला माझा चुना, असा तो तुकडा. आमच्या गावच्या पडलेल्या भिंतीतून मी तो स्वतः छिन्नीने काढून घेतला होता. लोक मुंबईला नोकरीसाठी जातात, देवदर्शनाला जातात. मी पुरावा घेऊन चाललो होतो.

मी चुनाभट्टीवाला आहे. लहानपणी खाडीच्या चिखलातून शिंपल्या वेचून दुसऱ्याच्या भट्टीवर टाकत असे. आज माझ्या तीन भट्ट्या आहेत आणि त्यांतली एकही वडिलोपार्जित नाही. आमच्या गावची भातशेती खाडीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. समुद्र बाहेर ठेवतो तो एक मातीचा बांध. त्याची राखण सारा गाव मिळून करतो, त्याला जोळ (घरटी एक माणूस देऊन केलेली गावकी) म्हणतात. गेल्या कार्तिकात त्या बांधाच्या समुद्राकडच्या अंगाला मी दगडचुन्याची पक्की भिंत घालून दिली. होळीच्या पौर्णिमेच्या उधाणात ती पडली, मागची माती वाहून गेली आणि बांधाला खांड (भगदाड) पडली. तेव्हापासून दर भरतीला खारे पाणी शेतात शिरत होते.

जोळाचा एक जुना नियम आहे. खांड बुजेपर्यंत दोष कोणाचा हे कोणी बोलायचे नाही. आधी माती, मग तोंड. हा नियम जोळाचा मुख्य हशा पाटील याने मोडला. गुडघाभर पाण्यात उभा राहून, सगळ्या गावासमोर तो मला म्हणाला, "दामू, तुज्ये चुन्यान रेती जास्ती हाय." सारा तालुका मला दामूशेठ म्हणतो, हशाने आजवर कधी शेठ म्हटलेले नाही. तेही मी सोडून दिले असते. पण लागलीच असे ठरले की वद्य अष्टमीच्या भांगाला (समुद्राचा जोर सर्वांत कमी असतो त्या दिवशी) खांड बुजवायची आणि त्या कामात माझा चुना वापरायचा नाही. ही गोष्ट खाडीकाठी पसरली असती, तर माझ्या भट्ट्या थंड पडायला वेळ लागला नसता. मुंबईहून चुना चांगला असल्याचा कागद आणतो, असे हशाला बजावून मी निघालो.

भिंत पडली हे खरे. पण पडली कशी ते कोणी पाहिले नाही. तिचा एकही सांधा सुटला नव्हता. अख्खी भिंत समुद्राकडे पालथी पडली होती, दमून झोपलेल्या माणसासारखी. चुना वाईट असता तर भिंत अशी पडेल का? हे मी आगबोटीत शेजारी बसलेल्या तिघांना समजावून सांगितले. तिघांनाही ते पटले. त्यांतला एक मात्र पुढे जागा बदलून बसला.

मुंबईच्या धक्क्यावर उतरताच हमालाशी माझा वाद झाला. त्याने गाठोडे उचलून पाहिले आणि आत लोखंड आहे, म्हणून जास्त हमाली लागेल, असे सांगितले. मी म्हटले, दगड आहे. तो म्हणाला, दगड कोणी मुंबईला आणतो का? या ओढाताणीत गाठोडे निसटून माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडले आणि तिथून धक्क्याच्या पायरीवर आपटले. अंगठ्याचे नख काळे पडले. पायरीचा टवका उडाला. मी तिथेच बसून धोतर सोडले आणि पाहिले, तुकड्याला कुठे साधी चीरही गेली नव्हती. मला इतका आनंद झाला की हमालाला मी तो मागत होता ते देऊन टाकले. माझ्या आयुष्यात असे दोनदाच घडले आहे.

गिरगावात माझा आतेभाऊ नारायण राहतो. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्याचे त्याचे काम, चाळीत दोन खोल्या आणि स्वभाव अगदी शांत. वहिनींनी तांदळाची भाकरी आणि ओल्या जवळ्याचे कालवण वाढले. जेवताना मी सगळी हकीकत सांगितली. नारायणाने सांगितले की महालक्ष्मीजवळ समुद्रात बांध घातलेला आहे, त्याच्या डागडुजीवर एक साहेब असतो, तो चुना पारखून कागदावर लिहून देतो. मला हवा होता तो कागदच. मग त्याने एक चांगली गोष्ट सुचवली. तो म्हणाला, "दादा, आधी शेत बघ, मग बांध. भायखळ्यावरून लालबाग, परळ करून जा. तो बांध काय राखतो ते कळेल."

दुसऱ्या दिवशी रंगपंचमी आहे हे मी विसरलो होतो. चाळीच्या जिन्यातच माझ्या पांढऱ्या पागोट्यावर गुलाबी रंगाची अख्खी बादली रिकामी झाली. मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. दुसरे पागोटे नव्हते आणि ओहोटी गाठायची होती, म्हणून तसाच निघालो.

भायखळ्यापर्यंत घोड्यांच्या ट्रामने गेलो आणि पुढे चालत. भायखळ्याला भाजीच्या गाड्यांनी रस्ता भरला होता. लालबागेकडे जावे तसतशा गिरण्यांच्या चिमण्या वाढत गेल्या. भोंगे होऊन गेल्यामुळे रस्ते मोकळे होते. माझे डोळे मात्र जमिनीकडे होते. खारभूमीत जन्मलेल्या माणसाला सखल जागा न सांगता कळते. चाळींच्या मध्ये जिथे जिथे मोकळे होते तिथे काळपट ओल, पाणथळ गवत, मिठाची पुसट पांढरी साय. काही डबक्यांत शहराचा केरकचरा आणि मुरूम आणून टाकत होते. बैलगाड्या ओळीने येत, रिकाम्या होत आणि परत जात. जमीन तयार करण्याचा हा कारखानाच होता. दादर-नायगावच्या बाजूला माडांची रांग आणि भाताची कापलेली खाचरे दिसत होती. हे सगळे, या चिमण्या, हे चाळीतले संसार, समुद्राच्या पाण्याहून खाली बसलेले आहेत. इथे खांड पडली तर?

लालबागेत एका विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईला मी विचारले की पाणी गोडे आहे का. माझ्या पागोट्याकडे बघत ती म्हणाली, "कपड्यांपुरतां बरां आसा. तुमच्या पागोट्याचो रंग मात्र जावचो नाय." बाकीच्या बायका हसल्या. मी तिला विचारले, पूर्वी इथे समुद्र होता हे ठाऊक आहे का? तिने नाही म्हणून मान हलवली. समुद्र तिकडे वरळीला, असे म्हणून तिने कळशी कमरेवर घेतली. मला आधी रागच आला. मग वाटले, राखणाऱ्याने काम इतके चोख करावे की राखलेल्याला त्याची आठवणही राहू नये. आमच्या गावात मात्र समुद्र कोणी विसरत नाही, दर उधाणाला म्हातारी माणसे बांधावर जाऊन बसतात.

परळहून पश्चिमेला वळून महालक्ष्मीच्या बांधावर पोचलो तेव्हा ओहोटी पुरती लागली होती. एका डोंगराच्या टोकापासून दुसऱ्या डोंगराच्या टोकापर्यंत, समुद्राच्या तोंडावर, गाड्या जातील एवढा रुंद रस्ता. एका हाताला उघडा समुद्र, दुसऱ्या हाताला सारी मुंबई. मग वरळीच्या अंगाला उघाड्या (पाणी सोडण्याची दारे) पाहायला गेलो. आमच्या गावची उघाडी म्हणजे सागवानी फळी. ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते, भरतीला बाहेरच्या पाण्याने मिटते. इथली दारे लोखंडी, माणसाहून उंच, आणि शहराचे पाणी त्यांतून धडधडत बाहेर पडत होते. पण रीत तीच. समुद्राचीच ताकद समुद्राला अडवायला लावायची. आमच्या उघाडीची ही थोरली बहीण पाहून मला घरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

एक गोष्ट मात्र खटकली. एवढ्या देखण्या बांधाच्या पायाशी, समुद्राच्या अंगाला, नुसते ओबडधोबड दगड ओतलेले. ना सांधा, ना चुना, ना ओळ. पंधरावीस गडी आणि बायका चिखलात उतरून तेच दगड इकडचे तिकडे करत होत्या. मला वाटले, काम अर्धवट टाकलेले दिसते.

त्यांचा मुकादम सखाराम, मालवणकडचा, पन्नाशीचा आणि सावकाश बोलणारा. त्याने सांगितले की साहेब रजेवर गेला आहे, महिनाभर येत नाही. मी अष्टमीची अडचण सांगितली, घासाघीस केली, शेवटी म्हटले की तू तरी पारखून दे. त्याने तुकडा हातात घेतला, सांध्यावर नख फिरवले, जीभ लावून पाहिली आणि घण उचलला. पहिल्या घावाला काही झाले नाही. दुसऱ्या घावाला काळा दगड मधोमध फुटला. सांधा तसाच राहिला.

"शेटजी, चुनो बरो आसा," तो म्हणाला. "असो चुनो आमकां हय गावना नाय."

गेल्या पाच दिवसांत मला कोणी शेटजी म्हटले नव्हते आणि चुना बरा आहे असेही म्हटले नव्हते. मी लगेच पिशवीतून कागद काढला. त्याला लिहिता येत नव्हते. मी म्हटले, अंगठा दे. तो हसून म्हणाला की अंगठा कोर्टात देतात, दगडावर देत नाहीत. मग त्याने सहज विचारले की भिंत पडली ती कशी.

हे सांगायला मला कधीच आळस नव्हता. एकही सांधा सुटला नाही, अख्खी भिंत समुद्राकडे पालथी पडली, झोपलेल्या माणसासारखी, असे सगळे मी त्याला सांगितले. सखाराम ऐकता ऐकता गंभीर झाला.

"अख्खी पडली?"

"अख्खी."

"मगे चुन्याक कशाक जपतास? पायाखालची रेती समुद्रान खाल्ल्यान. तुमच्या भिंतीक पाय नाय होते."

मी त्याच्याशी भांडलो. कशावरून, कोणी पाहिले, तू तिथे होतास का, असे पुष्कळ बोललो. भरती लागत होती. गडी वर आले, आणि सखारामाने मला कठड्यापाशी बसवून फक्त खाली बघायला सांगितले. लाट आली. त्या ओबडधोबड दगडांत शिरली, शंभर फटींत फुटली, फेस होऊन परत गेली. बांधाला तिने हातही लावला नाही. थोडे दूर एके ठिकाणी दगड सरकून बांधाची सरळ भिंत उघडी पडली होती. तिथे तीच लाट भिंतीवर आपटली, उभीच्या उभी खाली गेली आणि पायथ्याची रेती घेऊन गढूळ होऊन निघाली. मी तासभर बसलो असेन. प्रत्येक लाट तेच सांगत होती. सखाराम म्हणाला की हे दगड समुद्र रोज हलवतो आणि रोज ओहोटीला ते परत ठेवावे लागतात. त्याचा बापही हेच काम करत असे. ज्याला मी अर्धवट काम समजलो होतो ते कधी पुरे न होणारे काम होते, आणि त्याच्या जिवावर लालबागेतली ती बाई समुद्र विसरून पाणी भरत होती.

मला कार्तिकातला एक दिवस आठवला. मी भिंत बांधत असताना हशा रोज येऊन काहीतरी सुचवायचा. त्या दिवशी तो म्हणाला होता, "दामू, पायाशी सुटं दगर टाक." मी सगळ्या गवंड्यांसमोर त्याला सांगितले होते की मी भिंत बांधतो, उकिरडा नाही.

षष्ठीला आगबोटीने परत निघालो. गाठोडे बरोबर होतेच. फुटलेला दगड फेकून दिला, पण सांध्याजवळचा अर्धा भाग ठेवला. चुना चांगला ठरला होता, आणि तो चांगला होता म्हणूनच दोष माझा ठरला होता. चुना वाईट आहे असे मान्य केले असते तर एक भट्टी बदनाम झाली असती. आता माझी अक्कल बदनाम होणार होती.

अष्टमीला दुपारी ओहोटीच्या वेळी सारा जोळ खांडीवर जमला. घरटी एक माणूस, फावडी, टोपल्या, चिखलाचे ढीग. माझ्या गुलाबी पागोट्याकडे बघून पोरी हसल्या. हशा कमरेएवढ्या चिखलात उभा होता. तो म्हणाला, "काय रं दामू, आनलास कागद?"

नियमाप्रमाणे खांड बुजेपर्यंत दोषाचे बोलायचे नव्हते, आणि नियम मोडणारा दुसरा माणूस मला व्हायचे नव्हते. मी धोतर सोडून तुकडा बाहेर काढला, चिखलात उतरलो आणि जिथे माझी भिंत उभी होती तिच्या पायाच्या जागी, समुद्राच्या अंगाला, तो टाकला. मग माझ्या पडलेल्या भिंतीकडे बोट दाखवून गड्यांना सांगितले की ही फोडा आणि सगळे दगड इथे ओता, सुटे, कसेही. हशाने पहार उचलली. भिंत फोडायला संध्याकाळ झाली. चुना सांध्यांना सुटू देत नव्हता, आणि प्रत्येक घावाला गडी चुन्याच्या नावाने शिव्या देत होते. त्या मी कान देऊन ऐकल्या.

अमावास्येच्या उधाणात बांध राहिला. खांड बुजल्यावर मी जोळासमोर माझा दोष माझ्या तोंडाने सांगितला, सखारामाचे नावही सांगितले. मुंबईत मी उंच इमारती पाहिल्या, लोखंडी दारे पाहिली; पण कोणी विचारले की पाहण्यासारखे काय आहे, तर मी ओहोटीच्या वेळी महालक्ष्मीच्या बांधावर जाऊन खाली बघायला सांगतो. आता दर ओहोटीला आमच्या बांधावर एक घर सरकलेले दगड परत ठेवायला जाते, आणि पाळी माझी असली की मी गडी पाठवत नाही, स्वतः जातो.

हशाने चुन्याबद्दल जे म्हटले होते ते मात्र अजून परत घेतलेले नाही. मी वाट पाहतो आहे.