मामाची पिवळी

आमच्याकडे नवरी पिवळ्या लुगड्यात बोहल्यावर चढते आणि ते लुगडं मामानं आणायचं असतं. शालू, पैठणी, हल्लीचा तो झाडू मारत चालणारा घागरा, जे काय मिरवायचं ते नंतर मिरवा. गौरीहरापाशी बसायचं ते मामाच्या पिवळीत आणि अंतरपाटासमोर उभं राहायचं तेही तिच्यातच. मुलीच्या आईचं माहेर तिच्या पाठीशी आहे, हे चारचौघांना दिसावं म्हणून ही रीत. रीत चांगली आहे, माझा राग तिच्यावर नाही. ज्या घरात मुलगा जन्मला नाही त्या घरच्या लेकींना माहेरच नसतं, असं धरून चालणाऱ्या माणसांवर आहे, आणि तो मला मरेपर्यंत पुरेल.

आम्ही दोघी बहिणीच. मी अकोल्याला, धाकटी चांदूर बाजारला दिलेली. तिची मुलगी कॉलेजची सगळी वर्षं माझ्या घरी राहिली, माझ्या हातचं खाऊन शिकली. तिचं लग्न ठरलं त्याच दिवशी मी धाकटीला फोनवर सांगितलं, पिवळी मी आणीन.

"आण व बाई," ती म्हणाली. "तुह्याशिवाय मले हाय कोण?"

अकोटच्या एका दुकानातून मी लाल काठाचं पांढरं सुती पातळ आणलं. तयार पिवळ्या साड्या ढिगानं मिळतात, पण आमच्या वेळी मामानं पांढरं पातळ आणलं होतं आणि आईनं ते घरी हळदीत रंगवलं होतं. मला तसंच हवं होतं. पहिल्यांदा रंग ठिगळासारखा बसला. पुन्हा धुतलं, तुरटीच्या पाण्यातून काढलं, पुन्हा भिजवलं, सावलीत वाळवलं. घरभर हळदीचा वास. नवरा म्हणाला, विकतची आणली असती तर काय बिघडलं असतं? त्याच्याशी मी दोन दिवस धड बोलले नाही.

हळदीच्या दिवशी चांदूर बाजारला पोचले, तर धाकटीच्या सासूबाईंनी आमच्या चुलतभावाला आधीच निरोप धाडलेला. मामा म्हणून पिवळी तो आणणार होता.

"मामाचा मान मामालेच," त्या म्हणाल्या. "मावशीची पिवळी कुठी चालते काय?"

हा चुलतभाऊ म्हणजे कोण, तेही सांगते. आमच्या बाबांचं वावर, म्हणजे शेत, वाहतो तो. दिवाळीला आम्हा दोघींपैकी एकीलाही न्यायला तो कधी आला नाही. आई अकोल्याच्या दवाखान्यात महिनाभर पडून होती, तेव्हाही नाही. आई गेल्यावर मात्र मडकं धरायला हजर, कारण ते काम मुलाचं. आम्ही लेकी दाराशी उभ्या राहून बघत होतो. आता भाचीच्या लग्नात फेटा बांधून मिरवायला पुन्हा हाच. मी धाकटीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. त्या क्षणी मला सासूबाईंपेक्षा तिचाच जास्त राग आला. मी पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि गप्प बसले. मला ओळखणाऱ्यांना तेवढ्यावरच समजायला हवं होतं.

लग्नाच्या सकाळी नवरीच्या खोलीत बायकांची गर्दी. पार्लरवालीनं नवरीचा निम्मा चेहरा रंगवलेला. चुलतभाऊ फेटा सावरत आला, बरोबर फोटोवाला, आणि त्यानं मोठ्या थाटात खोका उघडला. आत साडी होती पिवळीजर्द, झुळझुळीत, आणि तिला वीतभर रुंद काठ. काळे.

नवरीच्या अंगावर लग्नात काळं कापड घालत नाहीत हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ज्यानं बहिणीसाठी, भाचीसाठी जन्मात कधी लुगडं घेतलंच नाही, त्याला कुठून ठाऊक असणार?

"दुकानवाला म्हणे आता हेच चालून राहिलं," तो म्हणाला.

मला वाटलं, झालं, आता माझी पिशवी उघडतील. उघडली. सासूबाईंनीच उघडली. माझं पातळ बाहेर काढलं, झटकलं, आणि सरळ नेऊन त्याच्या हातात दिलं. "घ्या, तुमी द्या. मामाच्या हातून गेलं म्हंजे झालं." फोटोवाल्यानं त्याला दिव्याजवळ उभं केलं.

"ठेव ते खाली," मी म्हणाले.

"बाई, सारं एकच त हाय," तो हसत म्हणाला. "कोणाच्या हातानं देल्लं त काय होते?"

"काही होत नसन त माह्या हातानं जाऊ दे."

"लग्नघरी तमाशा नोका करू," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा धाकटी उठली. इतक्या वर्षांच्या संसारात सासूपुढे तिचा आवाज मी ऐकला नव्हता. तिनं त्याच्या हातातून पातळ काढून घेतलं, माझ्या हातात ठेवलं आणि सासूबाईंकडे वळून म्हणाली, "आई, माहं माहेर हे इथं उभं हाय. पिवळी माह्या माहेरची लागते नं? मंग हेच माहेर देईन."

मी भाचीला उभं केलं. पार्लरवाली कुरकुरली, हळदीचा रंग निघेल, मेकअपला लागेल. "लागू दे," भाची म्हणाली. मी तिच्या निऱ्या घातल्या. मन भरून आलं, डोळे पाणावले, असं काही मी लिहिणार नाही. आमचं माहेर आहे हे आमच्याच माणसांना ओरडून सांगावं लागलं, याची मला चीड येत होती, आणि ती अजून गेलेली नाही.

बाहेर भटजींनी माइकवरून पुकारा केला, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. चुलतभाऊ दाराशी घुटमळत होता. मी त्याच्या अंगावरून पुढे झाले आणि भाचीचा हात धरून मांडवात आले. भटजी आमच्या मागे बघत राहिले.

"मुलीचे मामा कुठे आहेत?"

"मी," मी म्हटलं.

सगळ्या मांडवात हशा पिकला. मी गंमत केली नव्हती.