अक्कांचा डावा हात

मुरुम गावातल्या गॅरेजवाल्या अक्कांच्या उजव्या हातात मनगटापासून पार वरपर्यंत हिरव्या बांगड्या असायच्या आणि डावा हात साफ मोकळा. सवाष्ण बाई, नवरा समोर पान्हा घेऊन बसलेला, आणि एका हातात बांगड्यांची दाटी तर दुसरा ओका! गावात नवीन आलेली सून हमखास कुणाच्या तरी कानाशी लागायची, "ह्या अशा का हो?" मला कारण ठाऊक होतं, कारण ते आमच्याच गाडीत घडलं होतं.

अक्कांचं माहेर कर्नाटकातल्या आळंदचं. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, पण प्रश्न मात्र कायम कानडीत. "याके?" म्हणजे का. बसच्या कंडक्टरला, हळद विकणाऱ्याला, देवळातल्या स्वामींना, सगळ्यांना याके. मी लग्न केलं नाही म्हटल्यावर "याके?", मनासारखा मिळाला नाही म्हटल्यावर पुन्हा "याके?". शेवटी मीच हात जोडले. त्यांचे यजमान आप्पा हसून म्हणायचे, "हिला देवानं तोंड दिलंय ते निस्तं इचारायला."

आप्पा नावाजलेले मिस्त्री. अलीकडं वरातीला जुन्या मोटारी काढायची हौस वाढली आणि उमरग्यापासून कलबुर्गीपर्यंतच्या म्हाताऱ्या गाड्या त्यांच्या दारात येऊन उभ्या राहू लागल्या. आमची काळी मोटार मात्र वरातीची नव्हे, रोजच्या वापरातली. माझ्या वडिलांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचा धंदा आडतीचा, पण जीव त्या मोटारीत.

तिचं मोठं दुखणं म्हणजे ब्रेकचा मास्टर. पेडल दाबलं की चारी चाकांकडं तेल ढकलतो तो लोखंडी पंप. हल्लीच्या गाड्यांत बॉनेट उघडलं की समोर दिसतो. आमच्या मोटारीत तो ड्रायव्हरच्या पायांखाली, फळीच्याही खाली, चासीच्या आत दडलेला. सतरंजी उचलायची, तळहाताएवढं झाकण काढायचं आणि त्या भोकातून हात घालून, काही दिसत नसताना, बोटांनी नट चाचपायचा. आप्पांचा पंजा सुपाएवढा, तो भोकातच अडायचा. अक्कांचा डावा हात कोपरापर्यंत सरसर उतरायचा. "ज्यानं बनवली, त्याच्या घरात बी बायकोच हात घालत असंल," असं त्यांचं ठाम मत होतं.

खालून आप्पा पान्हा लावायचे, वरून अक्का नट धरायच्या आणि मधल्या फळीतून दोघांचं कानडीत भांडण चालायचं. काम संपलं की नळ्यांतली हवा काढायची. त्या वेळी पेडलवर गाडीच्या मालकानंच बसायचं, हा अक्कांचा नियम. "तुमचा पाय तुमालाच कळाया पायजे," म्हणायच्या. मग भोकाशी वाकून हुकूम सोडायच्या, "दाबा... धरा... सोडा." अण्णा शाळेतल्या पोरासारखे ऐकायचे. पुढं त्यांचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा त्यांच्या जागी मी बसू लागले.

त्या काळी अक्कांच्या दोन्ही हातांत बांगड्या असत. कामाआधी त्या डाव्या हातातल्या काढून गिअरच्या दांड्याला अडकवायच्या. पण नवरा असलेल्या बाईनं हात मोकळा ठेवायचा नाही, ही सासूबाईंची अट. म्हणून बांगड्यांच्या जागी हळदीत भिजवलेला सुती दोरा. तो सासूबाई स्वतः बांधायच्या आणि काम होईपर्यंत गॅरेजच्या दारात बाजेवर बसून राहायच्या. जगाला याके विचारणाऱ्या अक्कांनी या दोऱ्याला मात्र कधी याके विचारलं नाही.

एकदा आप्पांच्या छातीत दुखू लागलं आणि त्यांना सोलापूरला नेलं. हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्यांचा जावई बरोबर गेला. सासूबाईंना एकटं टाकता येईना म्हणून अक्का मागं राहिल्या. नेमकं त्याच सकाळी आमच्या मोटारीचे ब्रेक आवळले गेले. पेडल सोडलं तरी चाकं सुटेनात, जळका वास सुटला. मास्टरचं काम आप्पा-अक्कांनी नुकतंच केलेलं. अण्णांनी गाडी कशीबशी रांगत गॅरेजपर्यंत आणली आणि तिथं गेल्यावर त्यांना ऑपरेशनचं कळलं. ते ओशाळले. म्हणाले, "अक्का, राहू द्या. आप्पा आल्यावर बघू."

"न्हाय," अक्का म्हणाल्या. "फोनकडं बघत बसले तर म्या येडी व्हईन. का आवळला ते तरी बघूया."

सासूबाईंनी दोरा बांधला. आप्पांच्या जागी अण्णा शुभ्र धोतरानिशी गाडीखाली शिरले, हे दृश्य एरवी गावानं वर्षभर चघळलं असतं. मास्टर बाहेर आला. अक्कांनी रबरं तपासली, ती चांगली होती. मास्टरच्या पोटात सुईच्या टोकाएवढं एक छिद्र असतं. पेडल सोडलं की दाबलेलं तेल तिथून परत येतं. तेच बुजलेलं होतं. अक्कांनी सुईनं आतला कचरा काढला आणि उन्हात धरला. सुताचा एक बारीक तंतू होता. पिवळा.

त्यांनी मनगटाकडं बघितलं. आजच्या दोऱ्याचाही एक पदर भोकाच्या कडेला घासून विस्कटला होता.

"रबराचा तुकडा असेल हो," धूळ झटकत बाहेर आलेले अण्णा घाईघाईनं म्हणाले.

"रबर पिवळं असतंय व्हय, अण्णा?"

तिकडं सोलापुरात आप्पा ऑपरेशनच्या टेबलावर, आणि इकडं हात मोकळा करायचा की पुन्हा दोरा बांधून तेलात हात घालायचा? मला वाटलं, आज त्या गाडी तशीच ठेवतील. ठेवली असती तरी कुणी बोल लावला नसता. अक्का गाडीच्या पायरीवर बसल्या. अखेर सासूबाईंकडं वळून त्यांनी विचारलं, "अत्ते, हात मोकळा न्हाय ठेवायचा, कबूल. पर दोनी हात, याके?"

एवढ्या वर्षांत म्हातारीला हे कुणी विचारलंच नसावं. "मला बी ठावं न्हाय," ती म्हणाली. मग उठली, गिअरच्या दांड्यावरच्या बांगड्या काढल्या आणि एकेक करून सुनेच्या उजव्या हातात चढवल्या. "समद्या हितंच ऱ्हाऊ दे. देवाला मोजायच्या असतील तर मोजून घेऊ दे." डाव्या हातातला दोरा तिनं स्वतःच सोडला.

गाडी दुरुस्त झाली. संध्याकाळी जावयाचा फोन आला, आप्पा शुद्धीवर आले होते. तेव्हापासून म्हातारीनं त्या बांगड्या पुन्हा डाव्या हातात जाऊ दिल्या नाहीत. "आता काढू नगंस," ही तिची नवी अट झाली. ती गेल्यावरही अक्कांनी ती पाळली. हात भोकात घालण्याआधी उजव्या हातातल्या बांगड्या खळकन वर सारायच्या, ही त्यांची सवयच झाली.

अण्णा गेले, मोटार माझ्याकडं आली. गेल्या वर्षी आप्पाही गेले. त्यानंतर बरेच दिवस मला गॅरेजकडं जायचा धीर होईना. पण पेडल खाली जायला लागलं, तेव्हा जावंच लागलं. अक्का बाहेर आल्या. उजवा हातही मोकळा होता. कुणी काढायला लावल्या, की त्यांनीच काढल्या, मी विचारलं नाही. माझ्या जागी त्या असत्या तर त्यांनी विचारलं असतं.

त्यांचा पुतण्या गाडीखाली गेला. अक्कांनी सतरंजी उचलली, झाकण काढलं आणि सवयीनं उजव्या हातावरच्या बांगड्या वर सारल्या. हात नुसताच कातडीवरून फिरला. त्या थांबल्या. मग डावा हात सरसर खाली गेला, नेहमीसारखा, आणि बोटं आपोआप नट शोधू लागली.

"डाव्याला अजून कायच ठावं न्हाय बघ," त्या म्हणाल्या.

काम उरकलं. मी पेडलवर पाय ठेवला. अक्का भोकाशी वाकल्या, त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं.

"दाब," त्या म्हणाल्या. "धर."

मी धरून राहिले. बराच वेळ झाला, पण त्या "सोड" म्हणाल्याच नाहीत.