रेघ तिची, खड्डे माझे

पिरंगुटला रस्त्याकडेला एका ट्रकच्या फाळक्याला मी रंग देत होतो. शेजारचा बबन सायकलवरनं आला आणि म्हणाला, "तात्या, घरी चला." मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणाला, "तुमी चला तर आधी." तेवढ्यावरच मला कळलं. तरी मी डब्याचं झाकण बसवलं, ब्रश रॉकेलात धुतला, फडक्यानं पुसला. बबन नुसता बघत राहिला. त्याला वाटलं असेल, बायको गेली आणि हा बाबा ब्रश धुतोय... पण तो तसाच वाळू दिला असता तर पहिली हौसाच माझ्यावर खेकसली असती. चार दिवस तिला ताप होता. सकाळी निघताना म्हणाली होती, "भाकरी फडक्यात बांधलीया, इसरू नगा." तेच शेवटचं बोलणं. भाकरी दुपारपर्यंत तशीच बांधलेली होती.

त्याला आता सात आठवडे झाले. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण एक गोष्ट चार लोकांत सांगायची राहून गेली आहे, म्हणून लिहितो.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात मी पुण्याला लष्करी गाड्या रंगवायचो. लढाई संपली, काम सुटलं, गावी आलो आणि दारातच धंदा मांडला. बैलगाड्या, टांगे, कुणाची जीप. नवा रंग मारणं सोपं, जुना काढणं ही खरी हमाली. कळीचा चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र कालवून त्याचा लगदा थापायचा, वर ओलं पोतं टाकायचं, दुसऱ्या दिवशी पत्र्यानं खरवडलं की रंग सालीसारखा निघतो. खरवडायला हौसा असायची. चुन्यानं तिच्या बोटांची कातडी जायची, रात्री तूप लावून बसायची, पण मागं हटली नाही. आणि रेघ मारावी तर तिनंच. बारीक केसांचा लांब ब्रश घेऊन चाकाच्या कडेनं एका दमात लाल रेघ फिरवायची, जिथनं सुरू केली तिथंच आणून मिळवायची. सांधा दिसायचा नाही. माझा हात पहिल्यापासून जड. मला ते कधी जमलं नाही.

आणे जाऊन नवे पैसे सुरू झाले त्या सुमाराची गोष्ट. धरणाच्या पाण्याकडं पुण्याच्या एका वकीलसाहेबांचा बंगला होता. त्यांनी कुठल्याशा संस्थानिकाची जुनी विलायती मोटार घेतली होती. ती ठोकळ्यांवर उभी करून तिची चारही चाकं त्यांनी बैलगाडीतनं माझ्याकडं पाठवली. जुना रंग काढून नवा द्यायचा होता. असली चाकं मी कधी बघितली नव्हती. लोखंडाची नाहीत, पांढऱ्या धातूची, ओतीव, हलकी. हौसानं एक चाक उचलून बघितलं, नखानं पोपडा काढला आणि म्हणाली, "अवो, ह्ये जर्मल हाय. आपल्या पातेल्यावानी. ह्याला सोडा लावू नगा." जर्मल म्हणजे ॲल्युमिनियम.

"का?"

"म्या एकदा जर्मलच्या पातेल्यात सोडा टाकून कापडं उकळली हुती. काळंठिक्कर पडलं, बुडाला भोकं पडली. सोडा खातोय जर्मलला."

मी म्हटलं, "मोटारीचं चाक आन् तुजं पातेलं एकच व्हय? चुलीम्होरचं शानपन चुलीम्होरं ठेव."

"बरं," म्हणाली. "तुमी लई हुशार."

मी चारही चाकांना लगदा थापला, पोती टाकली आणि रंग आणायला एस.टी.नं पुण्याला गेलो. संध्याकाळी परत आलो तर अंगणभर पाणी. हौसा चाकांपुढं बसलेली, कोपरापर्यंत हात लाल. मी गेल्यावर थोड्या वेळानं पोत्याखालनं फसफस ऐकू यायला लागली म्हणे. तिनं लगदा ओरबाडून काढला, आडाचं पाणी ओढून ओढून ओतलं, सोडा मरावा म्हणून घरातली होती नव्हती तेवढी चिंच कोळून चाकांना चोळली. तीन चाकं वाचली. चौथ्याचा रंग आधीच पोपडून गेला होता, तिथं सोडा थेट धातूला भिडला होता. काळं पडलं होतं आणि देवीच्या वणासारखे खड्डे पडले होते. मला बघितलं, उठली आणि पोती पिळायला लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढचे सहा दिवस तिनं ती तीन चाकं नारळाच्या करवंटीच्या तुकड्यानं खरवडली. पत्र्यानं धातूला ओरखडे पडतात म्हणून करवंटी. मी हिरवा रंग दिला, तिनं लाल रेघ मारली. चाकं अशी दिसत होती की गावातली माणसं उगाच येऊन बघून जायची.

मग वकीलसाहेब आले. रेघेवर वाकून बघितलं आणि म्हणाले, "वा! ही रेघ कोणी मारली?"

मी म्हटलं, "म्या."

"आणि ह्या चाकाला काय झालं?"

हौसा दारात उभी होती, पदराखाली हात घेऊन. खोटं कशाला सांगू, मला आधी ती दिसली आणि मगच मी बोललो. "बायकोनं इचारल्याबिगर सोडा लावला, सायब. अडानी हाय."

वकीलसाहेबांनी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "व्हय. माज्याच हातनं झालं."

त्यांनी आदळआपट केली नाही. जादाचं चाक लावून गाडी चालेल म्हणाले, खड्ड्यांचं चाक माझ्याच दारात टाकलं. पण गोष्ट गावभर झाली. गिऱ्हाईक आलं की हसून म्हणायचं, "तात्या, काम तुमीच करा बरं, वैनींच्या हातात देऊ नगा." मी पण हसायचो. एक दिवस टांग्याच्या चाकाला रेघ मारायची होती. मी म्हटलं, "हौसा, रेघ?" तर म्हणाली, "तुमीच मारा की. तुमालाच येती." त्यानंतर तिनं ब्रश हातात धरला नाही आणि मीही पुन्हा म्हटलं नाही. माझ्या वेड्यावाकड्या रेघा बघून धंदाही पातळ झाला. तिनं त्यावरही कधी टोमणा मारला नाही. ते चाक मात्र तिनं अंगणात आडवं टाकलं आणि त्यावर पाण्याचा हंडा ठेवायला लागली. हंडा झकास बसायचा. येता-जाता मला खड्डे दिसायचे... दहा-बारा वर्षं.

दहाव्याला नदीवर गेलो तेव्हा मी मनाशी ठरवून गेलो होतो. पिंडाला कावळा शिवायचा थांबला, की सगळ्यांपुढं मोठ्यानं सांगायचं, चाक म्या खराब केलं, रेघ तिची होती. शब्द जुळवून ठेवले होते. पण पिंड ठेवून मागं सरलो नाही तोच कावळा आला आणि शिवला. माणसं म्हणाली, "पुण्यवान बाई. काही इच्छाच राहिली नव्हती." झालं. सगळे उठले. मी तोंड उघडलं नाही.

परवा लेकीला द्यायला म्हणून कोनाड्यातली हौसाची फणीकरंड्याची पेटी काढली. खाली, आरशामागं, फडक्यात गुंडाळलेला रेघेचा ब्रश होता. मला वाटलं, केस वाळून काडी झाली असेल. बोट लावलं तर मऊ. खोबरेलाचा वास आला. डोक्याला लावायचं तेच तेल ती ब्रशाला लावत होती. फडकं जुनं होतं, पण तेल ताजं होतं.

बारा वर्षं तिनं तो वाळू दिला नाही. मी कधीतरी पुन्हा "हौसा, रेघ?" म्हणेन, म्हणून.

कावळ्याला काय माहीत. त्यानं ती पेटी कुठं बघितली होती.