आमच्या गावातला एकुलता एक परदेशी

पॅनमन मामा चहा उभ्यानं प्यायचे. खुर्ची पुढे सरकवा, सतरंजी अंथरा, हातापाया पडा, काही उपयोग नाही. एका हातात बशी आणि दुसरा हात शर्टाच्या आत, छातीवर. गळ्यात दोरीनं अडकवलेली एक कापडी पिशवी असायची आणि पिशवीत पासपोर्ट. शेतात, लग्नात, मयतीला, दाढी करायला बसले तरी ती गळ्यातच. न्हावी म्हणायचा, "मामा, काढून ठिवा की, भिजंल." मामा म्हणायचे, "भिजू दे. पर अंगावर ऱ्हाऊ दे." बघणाऱ्याला वाटायचं, म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली. पहिल्यांदा मलाही तसंच वाटलं होतं आणि मी पाणी आणायला धावले होते.

मामा म्हणजे माझ्या आईचे चुलत भाऊ. त्यांचं गाव गेवराईहून गोदावरीकडे जाताना लागतं. मी गेवराईत ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान चालवते. जातीचे दाखले, पीकविमा, रेशनकार्डात सुनेचं नाव घालणं, असली कामं. डोकं फिरवणारी माणसं रोज येतात, आणि माझंही डोकं फार जाग्यावर असतं असं आमच्या गल्लीत कुणी म्हणणार नाही. पण मामांइतकं मला कुणी छळलं नाही. आठवड्यातून तीनदा यायचे, दारातूनच विचारायचे, "काय म्हनतंय गं तुझं मशीन?" मी म्हणायचे, "मामा, कालच बघितलं की." त्यावर ते, "काल बघितलं, त्ये काल. आज बघ."

साखर कारखान्यात उसाचा रस आटवायला मोठं बंद भांडं असतं, त्याला पॅन म्हणतात. त्यातला थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, उजेडाला धरायचा आणि साखरेचा दाणा धरला की नाही ते ठरवायचं, तो धरल्यावरच पॅन खाली, म्हणजे रिकामा, करायचा, हे पॅनमनचं काम. मामा तरुणपणी ते इथल्याच एका कारखान्यात शिकले आणि मग केनियातल्या कारखान्यात गेले. उभं राहण्याचं कारण विचारलं की सांगायचे, "पॅनम्होरं बसला की झोप लागती, आन् झोप लागली की साखरंचा गूळ होतो." हे कारण अर्धंच खरं होतं. बाकीचं अर्धं म्हणजे या माणसाला जन्मभर कुणी निवांत बसूच दिलं नव्हतं.

तिकडे असताना ठरावीक मुदतीनं राहण्याचा परवाना नवा करावा लागायचा. दर वेळी रांगा, शिक्के, 'उद्या या'. शेवटी वैतागून मामांनी तिथलंच नागरिकत्व घेऊन टाकलं. "म्हनलं, मिटवावी एकदाची कटकट," असं सांगायचे आणि सांगता सांगता स्वतःच हसायचे. कारण तिथली कटकट मिटली त्याच दिवशी इथली सुरू झाली. एका माणसानं दोन देशांचं नागरिक असावं, हे आपल्या कायद्याला चालत नाही. मामी तिकडेच वारल्या, मुलगा तिकडेच रमला, आणि मामा उरलेले दिवस गावात काढायचे म्हणून परत आले. ज्या घरात त्यांची नाळ पुरली होती, त्या घरात ते कागदोपत्री परदेशी ठरले. दर वर्षी अर्ज, दर वर्षी मुदतवाढ. अशा माणसांना कायम राहण्याचं कार्ड मिळतं, नाही असं नाही. पण त्यासाठी जुना भारतीय पासपोर्ट दाखवावा लागतो आणि मामांचा तो तिकडे घर बदलताना कुठे हरवला, देव जाणे. त्याबद्दलचे खुलासे आणि प्रतिज्ञापत्रं चालूच होती. गावात पोरं त्यांना 'फॉरेनर' म्हणायची आणि मामा काठी उगारायचे.

अर्ज म्हटला की नवा फोटो. फोटो म्हटला की आमचं भांडण. अर्जात टोपी चालत नाही, दोन्ही कान दिसायला हवेत, मागे पांढरा पडदा हवा. मामांची टोपी म्हणजे त्यांच्या कपाळाचा भाग. ती काढली की वर गोरं आणि खाली काळं असा दुरंगी माणूस समोर यायचा. "ह्यो मी हाय व्हय?" ते फोटो बघून विचारायचे. "बोडक्यानं दिसलो तर लोक इचारतील, कोण गेलं म्हनून." मी ओरडायचे, "मामा, ज्यांना फोटो बघायचा आहे ते तुमच्या गावचे नाहीत!" मग टोपी हातात घेऊन, चोरी पकडल्यासारखा चेहरा करून ते कॅमेऱ्याकडे बघायचे. माझ्या कॉम्प्युटरमध्ये मामांचे असे कितीतरी चेहरे आहेत, आणि प्रत्येकात ते आधीच्यापेक्षा थोडे जास्त घाबरलेले आहेत.

घरामागे त्यांची थोडी जमीन होती. धाकटे चुलत भाऊ आबामामा त्यांना म्हणाले, "दादा, मोसंबीची चार झाडं लाव. पानी हाय, जागा हाय." मामांनी लावली ती मेथी, कोथिंबीर आणि मुळा. "मोसंबीला फळ धरायला वर्सं लागत्यात," ते म्हणाले. "मला मुदत एकाच वर्साची हाय. माझ्या मुदतीत काय निघतंय त्ये लावतो." साधा शेवगा लावायलाही तयार होईनात. माणूस इतकी वर्षं बाहेर राहून घरी येतो आणि घराच्या मागे झाड लावायला भितो, हे मला बघवायचं नाही. पण तोंडानं मी त्यांना चिक्कूच म्हणायचे.

एका वर्षी मुदतवाढीचा अर्ज गेला आणि आता पोलीस गावात येऊन चौकशी करणार, असं कळलं. परदेशी माणूस दिलेल्या पत्त्यावर खरंच राहतो का, एवढंच बघायचं असतं. मी मामांना बजावलं, "घरीच थांबा. कुठे जाऊ नका." मामा थांबले. वाट बघितली. मोटरसायकलचा आवाज आला की शर्ट खोचून दारात. दूधवाला, खतवाला, कुणाचा जावई, सगळ्यांना त्यांनी असं उभ्यानं सामोरं जाऊन पाहिलं. शेवटी जीव राहीना. पोलीस कधी येणार हे विचारायला ते स्वतःच एसटीनं बीडला गेले, आणि पोलीस नेमका त्याच दिवशी गावात आला.

इथे आमच्याकडचं एक सांगायला हवं. नदीकाठच्या गावांत चोरट्या वाळूउपशावरून कायम काहीतरी पेटलेलं असतं. पोलीस आला की तो कुणाला तरी शोधत असतो, आणि सगळ्या गावाला एकच उत्तर पाठ आहे. कुणाचंही नाव घ्या, तो इथं नाही. भाऊबंदकीत एकमेकांचं तोंड न बघणारी माणसंसुद्धा पोलिसापुढे एका सुरात बोलतात. यात कुणाला खोटं बोलल्यासारखं वाटतच नाही. पाहुण्याला पाणी द्यावं तसं ते आहे.

संध्याकाळी मामा बीडहून गेवराईला उतरले आणि मी त्यांना स्कूटीवरून गावी सोडायला गेले. पारावर आबामामा आणि चार-पाच जण बसलेले. आबामामा लांबूनच ओरडले, "दादा, पोलीस आलता तुझ्या नावानं! लावला वाटंला!"

मामांचा हात छातीवर गेला. "काय म्हनला त्यो?"

"म्हनला, ह्या नावाचा परदेशी मानूस इथं ऱ्हातो का. मी म्हनलं, सायेब, आमच्या गावात परदेशी कावून येईल? हितं काय ताजमहाल हाय? ह्या नावाचा एक व्हता, त्यो कवाच गेला आफ्रिकेत. तिकडंच असतो. ह्या समद्यांनी बी त्येच सांगितलं. त्येनं लिहून घेतलं, आमी सह्या ठोकल्या, चहा पाजला. गेला गप."

मी जे बोलले ते माझ्या पोरांपुढे मी कधी बोलत नाही. मामांनी पाराचा कठडा धरला. मग हळू म्हणाले, "आबा, त्येच्याच वाटंकडं डोळं लावून बसलोतो रे मी. आन् तुमी मला गावातनं काढून टाकलं. सह्या करून."

आबामामांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि ती नुसतीच चुरगाळत बसले.

अर्ज नामंजूर झाला. ठरलेल्या तारखेच्या आत देश सोडावा, असं माझ्याच स्क्रीनवर आलं. ते वाचून दाखवायचं काम माझंच. दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं, मामांना, आबामामांना आणि सह्या करणाऱ्या सगळ्यांना जीपमध्ये कोंबलं आणि बीडला पोलिसांच्या कार्यालयात परदेशी नागरिकांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यापुढे नेऊन उभं केलं. माणूस वाईट नव्हता, नुसता थकलेला होता. सगळे एकदम बोलायला लागले, "सायेब, त्यो इथंच ऱ्हातो. आमच्यातलाच हाय."

"मग त्या दिवशी काय सांगितलं होतं?"

आबामामा पुढे झाले. "खोटं बोललो, सायेब. काय गुन्हा लावायचा त्यो लावा. मला आत टाका, पर ह्येला बाहेर काढू नका."

अधिकाऱ्यानं चष्मा काढला, डोळे चोळले. "बाबा, तुम्हाला आत टाकून यांची मुदत वाढत नाही. कागद वर गेला. आता यांनी तिकडं जावं आणि तिथून नव्यानं अर्ज करावा." मग मामांना म्हणाला, "बसा ना, काका." मामा म्हणाले, "न्हाई, बरं हाय असंच."

परतताना जीपमध्ये मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "दाणा धरत आलता गं. मी काय घाई न्हाई केली. दुसऱ्यानंच पॅन खाली केला." आबामामांनी ते ऐकलं आणि खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

मामा गेले. तिकडून फोन यायचा, तेव्हा आवाजावरून कळायचं की हा माणूस बोलता बोलता खोलीत येरझाऱ्या घालतो आहे. "काय म्हनतंय मशीन?" कायमच्या कार्डाच्या अर्जावर 'प्रक्रियेत आहे' एवढंच दिसायचं. मी रोज दुकान उघडल्यावर आधी ते बघायचे, मग देवाला उदबत्ती. त्यांचा मुलगा एकदा म्हणाला, "ताई, पप्पा इथं कशातच नाहीत. खोकलाही हटत नाही. पुढे प्रवास झेपेल की नाही, सांगता येत नाही." तेव्हा मीच सुचवलं, "मामा, कार्ड येईल तेव्हा येईल. तोवर पर्यटक म्हणून या. एक महिना तर एक महिना."

"पर्यटक?" ते म्हणाले. "काय बघायला येऊ मी?"

पण आले. आणि आबामामांनी एकच धरलं. आता पोलिसापुढे खोटं बोलायचं नाही. पर्यटक म्हणून आलाय ना, मग पर्यटन झालंच पाहिजे. उद्या कुणी विचारलं तर? रोज सकाळी मोटरसायकल काढायची, मामांना मागे बसवायचं आणि निघायचं. बीडचं कंकालेश्वराचं देऊळ झालं, परळी झाली. एक दिवस पाटोद्याचा बाजारही दाखवून आणला. मामा वैतागून म्हणाले, "आरं, हितं मी म्हशी इकल्यात. ह्यो काय बघायचा?" आबामामा म्हणाले, "नीट उभा ऱ्हा, फोटो काढतो. पुरावा पायजे." त्या सगळ्या फोटोंत मामांनी सवयीनं टोपी काढून हातात घेतलेली आहे.

शेवटच्या रविवारी मी पण गेले, कपिलधारला. धबधब्यासमोर लोकांची गर्दी, पोरांचा आरडाओरडा. आबामामा मोबाइल घेऊन मागे मागे सरकत होते, "दादा, जरा हिकडं बघ, धार दिसू दे मागं." मामा बघेनात. मग त्यांनी हात वर करून आबामामांना थांबवलं.

"आबा, बघून झालं रे समदं," ते म्हणाले. "आता मला ऱ्हायचं हाय."

आबामामांनी मोबाइल खिशात घातला. दोघे तिथेच एका दगडाशी उभे राहिले, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. मी चपला शोधायच्या निमित्तानं लांब गेले, कारण मला रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही. चार दिवसांनी मामांची मुदत संपली आणि ते गेले.

त्याला आता बरेच महिने झाले. कार्ड प्रक्रियेत आहे. मामांचा खोकला वाढलाय, फोनवर मध्ये मध्ये थांबून बोलतात. मला या माणसाची फार आठवण येते. दुकानाच्या दारात कुणी उभ्यानं चहा पीत असलं की मी मान वर करून बघते. काल त्यांच्या मुलाचा फोन आला, "ताई, पुन्हा पर्यटकाचाच भरा. डॉक्टर म्हणतात, न्यायचं तर आत्ताच न्या." मी अर्ज उघडला. नाव, जन्म, पासपोर्ट, सगळं आता पाठ आहे. भेट देण्याची ठिकाणं या रकान्याशी अडले. मागच्या वेळी कपिलधार लिहिलं होतं, परळी लिहिलं होतं. आबामामांना फोन लावला आणि विचारलं, "आता काय लिहू? दाखवायचं काय राहिलंय?"

पलीकडे मोटरसायकल बंद केल्याचा आवाज आला.

"घर लिही," आबामामा म्हणाले.

मी लिहिलं आणि पुढचं पान उघडलं.